वस्तरा, पट्टा आणि माझा डावा गाल

नाशिकरोड,
मंगळवार

प्रिय रवी,

सप्रेम जय भीम. तुझी, तृप्तीची आणि तुझ्या कांद्याची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. (कांद्याची चौकशी तुझ्याआधी करायला हवी होती, पण पत्राची म्हणून एक रीत असते.) आमच्याकडे सगळे मजेत. तुझी यशोदाताई ठणठणीत आहे, साक्षी खुशीत आहे, आणि मी हनुवटीवर चिकटपट्टी लावून बसलो आहे. फोनच केला असता, पण हसलं की पट्टी ओढते, आणि हा विषय तुझ्याशी न हसता बोलणं मला काही जमणार नाही. म्हणून कागद घेतला.

तर झालं असं, की मी वस्तऱ्याने दाढी करायला सुरुवात केली. तुला माहीतच आहे, ऑफिसात होतो तोवर एक दिवसाआड सकाळी देवळालीगावातल्या पुंजारामच्या दुकानात जाऊन बसायचं, मान मागे टाकायची, डोळे मिटायचे, एवढंच काय ते माझं दाढीचं ज्ञान. पण निवृत्त माणसाने स्वावलंबी व्हावं असं मला एकाएकी वाटलं. त्यात मोबाइलवर एका गोऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. तो वस्तरा असा फिरवत होता, जणू पुरणपोळीवर तूप सोडतोय. चेहऱ्यावर इतकी शांतता, की मला वाटलं ध्यानाच्या वर्गाला जाण्यापेक्षा हे बरं. मागवलेला वस्तरा आला. चांगला होता. पण सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की वस्तरा म्हणजे काहीच नाही, दाढीच्या आधी दर वेळी तो ज्या चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, तो पट्टाच खरा. म्हणजे लग्न जमल्यावर कळावं, की नवरीपेक्षा सासूच महत्त्वाची!

चामडं म्हटल्यावर मला आधी आठवला माझा कमरेचा पट्टा. एक टोक दाराच्या कडीला अडकवलं, दुसरं हातात ताणलं आणि घासलं. वस्तरा काळा झाला. बावीस वर्षं मी ज्याला चामडं समजून कंबर कसत होतो ते रेक्झिन निघालं. दुसरा पट्टा मागवला तो घरपोच आला, पण खोक्यातून नव्या चटईसारखा वास येत होता, म्हणून तो तसाच परत केला. मग भद्रकालीच्या बाजारात एका चपलांच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं, आत गेला, आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा घेऊन आला. कुत्रा केवढा आहे, असंही विचारलं. तिसऱ्या ठिकाणी वरातीच्या घोड्यांचा साज शिवणारे एक आजोबा भेटले. त्यांनी मात्र हातभर लांब, अस्सल, जाडजूड चामडं कापून दिलं. मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि व्हिडिओतल्यासारखे सपासप हात चालवले. चौथ्या हाताला पट्ट्याचे दोन पट्टे झाले.

शेवटी लाज गिळून ते दोन तुकडे घेऊन पुंजारामकडे गेलो. एकतीस वर्षांचं गिऱ्हाईक हातात वस्तरा घेऊन दुकानात शिरतं म्हणजे काय, ते तूच बघ. त्याने आधी वस्तऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊसाहेब, माझं काय चुकलं का?"

"तसं नाही रे. स्वावलंबन."

त्याने तुकडे उचलून त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "घोड्याला ठीक हाय. दाढीला नाय." मग खुंटीवरचा स्वतःचा जुना पट्टा काढून माझा तळहात त्यावर ठेवला. हात सरकला, पण जरासा धरल्यासारखा, जसा म्हाताऱ्या माणसाचा हात आपला हात धरतो. "हे असं पायजे. लय गुळगुळीत नको, खरबरीत तर नकोच. वस्तऱ्यापेक्षा रुंद घ्यायचा. अन् ताणून धरायचा, ढिला सोडला की धार गोल होती." वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे, टोकाला पोचलं की धारेवर नाही, पाठीवर पालथा करायचा, जोर अजिबात द्यायचा नाही. मी नेमकं सगळं उलटं केलं होतं. त्याने आपल्या पेटीतला एक जादा पट्टा मला दिला आणि चार दिवस रोज अर्धा तास नुसतं घासायला लावलं. (दाढीला हात लावू दिला नाही.) पाचव्या दिवशी म्हणाला, "आता घरी करून बघा. जमलंच पायजे तुम्हाला."

पाचवा दिवस नेमका रविवार, आणि त्याच रविवारी अकरा वाजता अश्विनचे आईवडील पिंपळगाव बसवंतहून आमच्याकडे पहिल्यांदाच येणार होते. अश्विन म्हणजे साक्षीने स्वतः पसंत केलेला मुलगा. वडील दातांचे डॉक्टर, शिस्तीचे. दोन महिने साक्षी मला एकच सांगत होती, "बाबा, त्या दिवशी फक्त साधे वागा." मी ठरवलं, होणाऱ्या व्याह्यांसमोर स्वतःच्या हाताने केलेली तुळतुळीत दाढी घेऊन बसायचं. दहाला आरशासमोर उभा राहिलो. उजवा गाल असा उतरला, की मीच त्याला दोनदा हात लावून पाहिला. हनुवटीवर आलो आणि बेल वाजली. मंडळी पाऊण तास आधीच आली होती, आणि बेलबरोबर माझी हनुवटी कापली.

रक्त फार नव्हतं, पण थांबेना. शिवाय डावा गाल तसाच फेसात. उजव्या हाताने डाव्या गालाला पोचायचं तर नाकावरून वळसा घालावा लागतो, आणि नाक मला हवं होतं. बाहेर यशोदा पाहुण्यांना सांगत होती, "येतायत, त्यांचं जरा दाढीचं चाललंय." डॉक्टरांनी ते 'दाढेचं' असं ऐकलं. (धंद्याचा कान.) मी मफलर गुंडाळून बाहेर आलो, तर ते उठूनच उभे राहिले.

"किती दिवस दुखतेय?"

मी मान हलवली. काय हलवलं ते मलाही ठाऊक नाही.

"सोडा तो मफलर. आ करा."

त्यांनी स्वतःच सोडला. आत एक तुळतुळीत गाल, दुसऱ्यावर वाळलेला फेस आणि हनुवटीला वर्तमानपत्राचा लाल झालेला कपटा. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ही दाढ नाही. ही दाढी आहे." कुणी हसलं नाही. साक्षीचे डोळे भरले. रवी, खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, पोरीचं लग्न मी गालावर मोडलं.

पण योग बघ, तेवढ्यात जाता जाता पुंजाराम आला, तोही पेटी घेऊन! त्याने मला खुर्चीवर बसवलं, कापल्या जागी तुरटी दाबली, वस्तरा पट्ट्यावर आठ-दहा वेळा फिरवला आणि चार मिनिटांत माझा डावा गाल मला परत केला. डॉक्टर जवळ येऊन बघत होते. म्हणाले, "असा हात मी वीस वर्षांत पाहिला नाही," आणि टॉवेल घेऊन स्वतःच खुर्चीत बसले. पुंजारामने त्यांना फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि तिथेच थांबवून विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमची साक्षी कशी वाटली?"

डॉक्टरांनी अंगठा वर केला. अश्विनची आई आधी हसली, मग सगळेच, आणि मग साक्षीसुद्धा. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. तारीख यशोदा कळवेल. तृप्तीला नमस्कार सांग.

तुझा दाजी,
मल्हारी

ता.क. वस्तरा मला तू निवृत्तीची भेट म्हणून पाठवलास, असं मी तुझ्या ताईला सांगितलं आहे. तिचा फोन आला तर फक्त हो म्हण. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

ता.क. २. रवी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पार्सल मीच सही करून घेतलं होतं, तेव्हा खोटं बोलायचे कष्ट घेऊ नकोस. पुंजारामभाऊही जाता जाता आले नव्हते, शेजारच्या मैनाला मी मागच्या दाराने पिटाळलं होतं. वस्तऱ्याचं खरं कारण यांनी लिहिलंच नाही. पुंजारामभाऊंचे गुडघे गेलेत. महिनाअखेर दुकान बंद करून ते लेकीकडे, तुमच्या सटाण्याला राहायला येतायत. ते कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वस्तरा मागवला. दुसऱ्या कुणापुढे मान टाकायला यांना जमणार नाही. तुझ्या दुकानाच्या ओट्यावर एक खुर्ची, एक आरसा आणि भाऊंना टेकायला उंच स्टूल मावेल का, बघ. दिवसाला चार दाढ्या झाल्या तरी त्यांचा जीव रमेल. पंधरा दिवसांतून एक गिऱ्हाईक नाशिकहून सकाळच्या एसटीने येईल. त्याला जेवायला घालून परत पाठव.

तुझी ताई