‘गिळते’ या क्रियापदाविषयी

दुरुस्तीकार महाशय,

तू उठशील तेव्हा मी गेम-कंपनीच्या ऑफिसात पोचलेली असेन. दूध तापवले आहे. त्यावर झाकण ठेवण्याइतकी दुरुस्ती तुला जमेल.

राक्षस पकडून पाळायच्या त्या खेळाचा अनुवाद माझ्या नावावर आहे. खोल समुद्रातल्या भुताळ मासोळीच्या, अथांगिणीच्या, नोंदीत मी लिहिले होते : ‘बुडालेल्यांना ती आपल्या दिव्याने किनारा दाखवते.’ मुळातही तेच आहे. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तू ते ‘बुडालेल्यांना ती दिवा दाखवून गिळते’ असे केलेस आणि फाइल पाठवूनही दिलीस. वर म्हणालास, “अगं, भूत म्हटल्यावर गिळायला नको? तुझं आपलं सगळं पुस्तकी!” दंतवैद्याला चावण्या-गिळण्यापलीकडे क्रियापद सुचू नये, हे समजू शकते. पण किडकी दाढ आणि धडधाकट वाक्य यांतला फरक न पाहता उपटत सुटणे, याला धंद्याची सवयही म्हणवत नाही.

काल कंपनीच्या संपादकबाईंचा फोन आला. सगळ्या नोंदींत त्यांना मनापासून आवडलेली ओळ एकच, तुझी. मी मूळ अर्थ सांगितला, तर म्हणाल्या, “राहू द्या हो, हेच जमलंय. तुमच्यात एवढी गंमत असेल असं वाटलं नव्हतं.” पुढच्या खेळाचे कामही त्या ओळीपायीच मला देऊ केले आहे.

ते नाकारायला आणि त्या ओळीखाली तुझे नाव घालून घ्यायला निघाले आहे. नावामागे ‘डॉक्टर’ लावायचे का, तेवढे कळव.