हॉलवर झालेला क्लिफर्ड

शेफील्ड, रविवार दुपार

प्रिय क्लिफर्डदादा,

तुझी कंबर कशी आहे? वहिनीला आठवण सांग. इकडे बाबांना दम्याचा त्रास आहे, जीभ मात्र ठणठणीत. हे पत्र बसून वाच.

निवृत्त झाल्यापासून मी आपल्या घराण्याचा माग काढतेय. तू म्हणालास, "नको ते उकरू नकोस, विनी." का म्हणालास तेही कळत होतं. आई जन्मभर चारचौघींत मिरवायची, "आमचा क्लिफर्ड रेव्हन्सकॉम्ब हॉलवर झाला हो," आणि पुढे एक अक्षर नाही. हॉल म्हणजे लॉर्डसाहेबांची हवेली, तेव्हा गल्लीने काढायचा तो अर्थ काढला. त्यात बाबा तुला "लाटसाहेब" म्हणायचे. ते तुला झोंबलं आणि तू घर सोडलंस. (वर स्वतःच्या दोन खोल्यांवर 'रेव्हन्सकॉम्ब' अशी पितळी पाटी लावलीस. म्हणजे राग बाबांवर आणि मिजास लॉर्डची.)

तर परवा मी तिकीट काढून हॉल बघायला गेले. लॉर्डच्या तसबिरीत तुझं नाक शोधलं, पण बिचाऱ्याला नाक म्हणावं असं काही नव्हतंच. मग चहाच्या खोलीत वाढणाऱ्या बाईंच्या कानाशी लागले, "माझा भाऊ इथे जन्मला. जरा नाजूक प्रकरण आहे." तर ती भवानी तिथूनच ओरडली, "अगं बाई, आणखी एक! इथे जन्मलेले कोण कोण, हात वर करा." अर्ध्या टेबलांवरून हात वर झाले. सगळे तुझ्याच वयाचे, सगळे शेफील्डचे.

दादा, महायुद्धात आपल्याकडे बॉम्ब पडत होते ना, तेव्हा सरकारने हॉल ताब्यात घेऊन तिथे प्रसूतिगृह काढलं होतं. लॉर्ड केव्हाच गाशा गुंडाळून स्कॉटलंडला गेलेला. आई तिथे पोहोचली ती आठवा महिना लागल्यावर, सरकारी बसमधून. तू झालास बिलियर्डच्या खोलीत. मी तिथेच रडले आणि मग आणखी एक केक मागवला. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तू बाबांचाच आहेस रे.

तुझी,
विनी

ता. क. बाबांना विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणाले, "त्याने विचारलं कधी? सायकल हाणत डोंगर चढून गेलो, तर आत सोडेनात. नर्सने खिडकीतूनच दाखवला. लॉर्डच्या छताखाली तोंड वासून झोपला होता. लाटसाहेब नाही तर काय म्हणू?"

आणखी एक. (खरं तर पत्र याचसाठी.) शनिवारी बाबांचा नव्वदावा वाढदिवस आहे. पाटी काढू नकोस, फक्त ये. त्यांचा निरोप आहे: "लाटसाहेबांना सांग, या खेपेला खिडकीतून नको, दारातून दर्शन द्या."