हुलग्याचा आकार आणि अप्पांचं दुकान

वडवणी, मंगळवार

प्रिय शिवांजली हिस,

योगिताचा घाबराघुबरा नमस्कार. लातूरला सासरची मंडळी खुशाल असतील. तुझी पाठ थांबली का दुखायची? (फोनवर बोलले तर आई ऐकेल, म्हणून उद्या तिकडं निघालेल्या बंकटभाऊंच्या हाती हे पत्र देते आहे.)

तुला ठाऊक आहे, मी बीडच्या कॉलेजात हुलग्यातल्या एका प्रथिनावर संशोधन करते. हुलगे तुझ्या अप्पांच्या दुकानातले. त्या प्रथिनाची घडण अक्षरांत लिहून शोधली, तर जगात कुणाशीच जुळेना. मॅडम म्हणाल्या, आकारावरून शोध. माणसाचं नाव-गाव कळलं नाही तरी चालीवरून घराणं ओळखतात ना, तसंच हे. संगणकानं त्याची त्रिमितीय घडी काढून दिली, ती मी जगभरच्या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये शोधायला टाकली आणि रविवारी घरी आले.

दुपारी मोबाइलवर निकाल आला. पहिलंच नाव, एरंडाच्या बियांतलं जहर! आणि इकडं आईनं बचत गटाच्या चाळीस बायांना शेंगोळे वाढायला घेतलेले, त्याच हुलग्याच्या पिठाचे. मी किंचाळले. आईनं पातेलंच उचललं. "बायांनो, हात लावू नका! इख हाय त्यात, योगितानं बघितलंय!" शेंगोळे उकिरड्यात गेले. संध्याकाळपर्यंत अप्पांच्या दुकानातून कुणी मीठसुद्धा नेईना.

सोमवारी मॅडमनी निकाल नीट वाचला. त्या जहराचे दोन भाग असतात गं. एक मारतो, दुसरा नुसता साखरेला चिकटतो. आपलं प्रथिन त्या दुसऱ्या, गरीब भागासारखं निघालं. वर मॅडम म्हणाल्या, "आणि योगिता, तासभर उकळल्यावर कुठला आकार शिल्लक राहतो?" भुई फाटली असती तर बरं झालं असतं.

घरी सांगणारच होते. पण आई दारातच म्हणाली, "येत्या रविवारी गटानं तुझा सत्कार ठेवलाय. चाळीस बाया वाचवल्यास!" मी हातपाय धुवायला म्हणून मागच्या दारी पळाले. दुकानापुढून मी ओढणीत तोंड लपवून जाते. तरी रिकाम्या दुकानातून अप्पा हाक मारतातच, "योगे, जेवलीस का?"

तुझी अपराधी,
योगिता

ता. क. खरं काम असं, की शनिवारपर्यंत तू ये आणि आईला आणि अप्पांना माझ्या वतीनं सांग. माझ्यानं होत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतानाच अप्पा घरी आले. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मी रोज त्येच हुलगे खातोय, मेलो का? सत्काराला उभी राहा, खरं बोल. मी येतो संगं." तेव्हा तू येऊ नकोस, मीच सांगेन. जाताना मात्र ते दारात थांबले, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, त्या समोरच्या दुकानातल्या मटकीचा बी आकार बघ की जरा."