डाव्या कमरेचं पिस्तूल

प्रिय ऑरिन,

तू फोन उचलत नाहीस, आणि समोरासमोर भेटलो की आपण दोघंही हवामानावर घसरतो, म्हणून लिहायला बसले आहे. लॉर्ना गेल्यापासून तू गावात येतोस, चारा घेतोस, मान हलवतोस आणि निघून जातोस. सगळे म्हणतात, त्याला जरा वेळ द्या. मी दिला. उन्हाळा गेला, शिकारीचे दिवस संपले, बदकं दक्षिणेला गेली. आता मात्र मला तुझी काळजी वाटते, ऑरिन, आणि ती आवंढ्यासारखी गिळत बसणं मला जमत नाही.

दुकानात चिटपाखरू नाही. सकाळपासून बर्फ पडतो आहे, वाऱ्याशिवाय, अगदी सरळ खाली. शेगडीवर कॉफी आहे, आणि काचेच्या कपाटातल्या पिस्तुलांवर खिडकीतला पांढरा उजेड पसरला आहे. अशा दुपारी माझा हटकून डोळा लागतो. धड झोप नाही, धड जाग नाही, आणि त्या मधल्या गुंगीत दाराची घंटा वाजते आणि तू आत येतोस. आत्ताचा तू नव्हेस. त्या वर्षीचा, गालावर वाऱ्याने काढलेले ओरखडे, टोपी हातात, आणि चेहऱ्यावर असा भाव की गिऱ्हाईक मी आहे आणि दुकानदार तू.

आठवतं का तुला? शेजारच्या तालुक्यात कोणीतरी औषधांच्या पेटीसाठी एका नर्सची गाडी निर्मनुष्य रस्त्यावर अडवली होती, आणि लॉर्ना तर रोज तसल्याच रस्त्यांनी एकटी फिरायची, म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं करायला, बाळंतिणींना बघायला. तू काउंटरवर कोपरं टेकलीस आणि म्हणालास, “आर्डिस, बायकोसाठी एक पिस्तूल दे. तुझ्याकडचं सगळ्यात छोटं. पर्समध्ये मावेल असं.” मी म्हटलं, “लॉर्ना कुठाय?” तर म्हणे, “तिला काय करायचंय? तिला यातलं काही कळत नाही.” मी म्हटलं, “मग तिचे बूटही तूच स्वतःच्या पायात घालून बघतोस वाटतं?” तू लाल झालास, मानेपर्यंत. ही चूक आपल्याकडचा प्रत्येक नवरा करतो रे. बाई नाजूक, म्हणून पिस्तूल नाजूक. पिस्तूल जेवढं हलकं तेवढा हाताला झटका जास्त. हलकं तट्टू जास्त उधळतं हे पुरुषांना कळतं, बायकांच्या पिस्तुलाच्या बाबतीत कळत नाही. मी तुला रिकाम्या हाताने घरी पाठवलं, आणि तू बाहेर पडताना पुटपुटलास की हिचं दुकान चालतं तरी कसं.

मग ती आली. नर्सचा निळा डगला, केसांत पेन्सिल. तू सांगितलेलं ते इवलंसं रिव्हॉल्व्हर मी मुद्दाम आधी तिच्या हातात दिलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “गोड आहे गं. पण माझी करंगळी बघ, हवेत लटकतेय.” बास, तिथेच मला कळलं की हिला शिकवायला काही लागणार नाही. ज्या बाईने जन्मभर हातांनीच काम केलं, तिला हातांचं ऐकता येतं. आम्ही दुपारभर एकेक पिस्तूल काढत बसलो. एकाची मूठ फार जाड, एकाचा चाप फार कडक, एकाची वरची स्लाइड मागे ओढताना तिचा अंगठा दुखायचा. मी तिला दाखवलं की बोटांनी चिमटीत धरू नको, तळहाताने पकड आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. ती खुदकन हसली. म्हणाली, “बाळंतपणात मी हेच सांगते, ओढू नको, ढकल.” मी कॉफी सांडली.

नदीकाठच्या त्या उंचवट्यावर आपण तिघं गेलो होतो, तो दिवस मला अजून स्वप्नात येतो. जून महिना होता आणि कॉटनवुडच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता, इतका, की नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. लॉर्नाने कानांवर आवाज अडवणारी ती मोठी बोंडं लावली होती आणि तिच्या केसांत, पापण्यांवर कापूस बसला होता. छोट्या रिव्हॉल्व्हरने तिने गोळी झाडली आणि हात झटकत म्हणाली, “चावतं हे.” निशाणाचा कागद तसाच कोरा. मग मधल्या आकाराचं काळं पिस्तूल घेतलं, जे तू “हे तर शेरीफचं आहे” म्हणून हिणवलं होतंस. करंगळी मुठीवर नीट बसली. तिने श्वास सोडला, नळीच्या टोकावरच्या माशीवर नजर लावली, आणि कागदाच्या मध्यावर भोकं पडत गेली, एकमेकांना खेटून. आवाज विरला की शांतता इतकी खोल व्हायची की कापूस गवतावर पडतानाही ऐकू येईल असं वाटायचं. तू गाडीच्या बोनेटवर बसून तिच्याकडे बघत होतास. मी तुझ्याकडे बघत होते, हे आता या वयात लिहायला काय हरकत आहे. लग्नाआधी कोठारातल्या नाचांना तू माझ्याशी नाचायचास, पण मला असं कधी पाहिलं नव्हतंस, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. ज्याला असं बघता येतं तो माणूस माझ्या ओळखीचा आहे, एवढंच मनात आलं.

तरी मी लगेच विकलं नाही. माझा नियम तुला माहीत आहे. आधी निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल कमरेला लावायचं आणि आपलं रोजचं आयुष्य जगून बघायचं. गाडी चालवायची, भांडी घासायची, वाकून बुटाची नाडी बांधायची. किती जण हौसेने घेतात आणि मग टोचतं म्हणून कपाटात टाकून देतात. लॉर्ना ते निळं खेळणं लावून चर्चच्या जेवणालाही गेली. बटाट्याच्या पोळ्या वाढायला ओणवी झाली आणि स्वेटर वर सरकला, तर मिसेस क्वाल्हाइमने पाहिलं आणि हातातला वाडगाच सोडला. लॉर्ना शांतपणे म्हणाली, “घाबरू नका, पोळी सगळ्यांना पुरेल.” तू हसता हसता बाहेर पळालास, आठवतं? नंतर कित्येक महिने लोक तिच्यापुढे ताट धरण्याआधी दोन्ही हात वर करायचे.

शेवटी घेतलं ते काळंच. आणि ती डावखुरी, म्हणून मी तिच्यासाठी डाव्या कमरेचं चामडी म्यान खास शिवून घेतलं. डाव्या हाताला मूठ लागेल असं वळवलेलं, गाडीच्या पट्ट्यात अडकणार नाही इतकं वर घेतलेलं. पुढे त्याला तिच्या अंगाचा आकार आला. ते पिस्तूल तिला कधी उपसावं लागलं नाही. ती म्हणायची, “मी विसरूनच जाते गं ते आहे म्हणून.” मी म्हणायचे, विसरायला होतं म्हणजे बरोबर निवडलंस. सकाळी स्टेथोस्कोप गळ्यात, पिस्तूल कमरेला, डबा सीटवर, आणि धुळीचा एक लांब पट्टा मागे सोडत तिची गाडी टेकडीपल्याड जायची. मी दुकान उघडताना तो पट्टा विरेपर्यंत बघत उभी राहायचे. आताही बघते. रस्ता तेवढा दिसतो.

गुरुवारी तू चाऱ्याच्या गोदामात होतास. मी कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आले होते, तुझ्या पाठीमागेच होते, तुला कळलंही नाही. वरच्या फळीवरचं पोतं काढायला तू हात उंचावलास आणि तुझं जाकीट वर गेलं. डाव्या कमरेला लॉर्नाचं म्यान होतं. त्यात लॉर्नाचं पिस्तूल होतं.

ऑरिन, मी या धंद्यात म्हातारी झाले. तू उजव्या हाताचा माणूस. जन्मात कधी कमरेला काही लावलं नाहीस, “गाई मला ओळखतात, त्या मला लुटणार नाहीत” म्हणायचास. कोणापासून जीव वाचवायला पिस्तूल बाळगणारा माणूस ते उलट्या हाताच्या म्यानात, उलट्या बाजूला लावत नाही. तिथून तुला ते वेळेवर उपसता येणारच नाही. मला आधी वाटलं, तिची वस्तू आहे, अंगाशी धरून फिरतो आहे बिचारा, फिरू दे. तिचा स्वेटर घेऊन झोपतात लोक. पण मग बाहेर तुझा शेजारी व्हर्जिल भेटला, आणि त्याच्या गाडीत तुझी पेनी बसलेली. म्हणाला, “ऑरिननं दिली. म्हातारी कुत्री आहे, हिवाळाभर बघशील का म्हणाला. खोगीरही दिलं, तेही फुकट.” पेनी माझ्याकडे न बघता तुझ्या गाडीकडे बघत होती. मी घरी आले आणि खाद्याचं पोतं तसंच गाडीत विसरले.

तुला एक गोष्ट सांगते, जी तुला लॉर्नानेही सांगितली नसणार, कारण आपल्याकडे या गोष्टी कोणी सांगत नाही. माझा नवरा आयनार गेला त्या हिवाळ्यात मी बाहेरून ठीक होते. दुकान उघडत होते, हिशेब देत होते, विनोदही करत होते. संध्याकाळी मात्र काउंटरमागे बसले की पिस्तुलाकडे माझी नजर वेगळ्याच तऱ्हेने जायची. विकायला ठेवलेल्या मालाकडे नव्हे. माझ्या स्वतःच्या, कमरेच्या पिस्तुलाकडे. हे मी कोणाशी बोलले नव्हते. एका दुपारी लॉर्ना आली, बूट झटकले, कॉफी ओतून घेतली आणि म्हणाली, “आर्डिस, तुझं पिस्तूल माझ्याकडे दे. बर्फ वितळला की परत देईन.” बस्स, एवढंच. दुकानातल्या कपाटाची किल्लीही तिने माझ्या भावाकडे दिली आणि वसंत येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ तोच कपाट उघडायचा, बंद करायचा. मी चिडले. म्हटलं, मी काय लहान पोर आहे? ती म्हणाली, “नाहीस. माझी मैत्रीण आहेस, आणि मला तू पुढच्या उन्हाळ्यातही हवी आहेस.” मग मला मिसूला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली, तो सगळा रस्ता रेडिओ लावून, काही न विचारता. लायलॅक फुलल्यावर पिस्तूल परत आणून दिलं, तेल घालून, पुसून. आम्ही पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. या गावात कितीतरी लोकांनी एकमेकांच्या बंदुका अशा सांभाळल्या आहेत, घटस्फोटात, दुष्काळात, पोर गेल्यावर. कोणी कोणाला कमी समजलं नाही.

तर आता सरळच विचारते. तुझ्या मनात मरायचं येतं का? येत असेल तर लाजू नकोस, माझ्याही मनात आलं होतं, आणि ते गेलं. मला वाटलं होतं ते कधीच जाणार नाही, पण गेलं. पिस्तूल माझ्याकडे दे, म्यानासकट, आणि गोठ्यातली रायफलही. वसंत आला की परत मागायला ये, एक शब्द न विचारता देईन. उद्या सकाळी मी तुला डॉक्टरकडे नेते, रेडिओ लावते, तू खिडकीतून बाहेर बघ. पेनीला व्हर्जिलकडून घेऊन आले आहे, आणि हे शेवटचं गाडीत बसून लिहिताना ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली आहे. कारण हे पत्र टपालात टाकायचा माझा विचार होता, पण लिहिता लिहिता कळलं की उद्यापर्यंत थांबणं मला शक्य नाही. दाराच्या फटीतून मी ते आत्ताच आत सरकवते आहे. तू हे वाचतो आहेस तेव्हा मी तुझ्या अंगणात गाडीत बसले आहे, इंजिन चालू ठेवून. घाई नाही, टाकी भरलेली आहे. पडदा बाजूला कर, आणि दार उघड.

बाहेर बसलेली, तुझीच
आर्डिस