गरम टोप एकट्याने उचलायचा नाही

बाबा, यंदाच्या बुद्धपौर्णिमेची खीर खाली लागली नाही. सगळ्यांच्या आधी हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं ती न चुकता लागत आली आहे आणि आपली वर्तकनगरची अख्खी वसाहत ती करपट खीर मान खाली घालून, वाटी पुसून खात आली आहे. धाकट्याने तुमची जागा घेतली, तुमचा टोप घेतला, लाकडी उलथणं घेतलं, पण बूड धरलंय असा वास आला की हात थांबवायचा आणि वरची खीर अलगद दुसऱ्या टोपात ओतून घ्यायची, एवढं काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो घाबरतो आणि जोरजोरात खरवडत सुटतो. मी दरवर्षी फोनवरून ओरडायचे. "ताई, तू ये ना मग इकडे. फोनवरून खीर होते काय?" असं तो म्हणायचा, आणि मी त्याच्या मुलांच्या परीक्षेबद्दल विचारायला लागायचे. कोपरहून वर्तकनगर काही परदेशात नाही. पण विहाराच्या पायऱ्या चढणं माझं कधीच बंद झालेलं, खीर शिजते ती पायऱ्या चढून मागच्या ओट्यावर, आणि कुणी मला उचलून वर न्यावं ही गोष्ट मला मान्य नव्हती. जीव तिथे अडकलेला आणि हट्ट इथे, असं चाललं होतं.

तुम्ही होतात तेव्हा मी भिंतीला धरून का होईना, चालत होते. आता खुर्ची आहे, चाकांची. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं ना, कंबरेचे आणि खांद्यांचे स्नायू हळूहळू दुबळे होत जातील, आणि हे थांबवणारं औषध नाही. तसंच झालं, त्यात त्यांची काही चूक नाही. पण त्या आजारापेक्षाही जास्त घट्ट माझ्याजवळ राहिलं ते तुमचं एक वाक्य. मी दहावीत आहे, आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात अडकले आहे, आणि समोरच्या काकू हात पुढे करतात. मी तो धरते. खालून तुम्ही येताय, वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या कॅन्टीनमधली पहिली पाळी संपवून, अंगाला फोडणीचा वास. घरात आल्यावर तुमचा आवाज चढतो. "कुणाचा हात मागायचा नाही! आपलं आपण चढायचं. लोक आज हात देतात, उद्या कीव देतात." मग तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि शिरा करायला घेतलात. रागावून झालं की तुम्ही नेहमी शिराच करायचात. त्या दिवशी त्यात बेदाणे जरा जास्तच होते. तुम्ही किती घाबरला होतात, ते मला आता कळतं. तेव्हा मला शिरा कळला आणि वाक्य पाठ झालं.

पाठ म्हणजे किती, तर खाली पडलेला रिमोट उचलून दे म्हणायला नको म्हणून मी संध्याकाळभर नको असलेल्या बातम्या ऐकल्या आहेत. नवरा शेजारच्या खोलीत मोकळा बसलेला. तोच एकदा वैतागून म्हणाला, "अगं, मी काय परका आहे का? ताकाला जाऊन भांडं कसलं लपवतेस?" मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. खाण तशी माती, दुसरं काय. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. माझ्यासारख्या, स्नायूंचा आजार घेऊन जगणाऱ्या माणसांबरोबर त्या काम करतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वेड लागलंय का पोरीला. मीही तेच म्हणाले होते.

बाळकुमला त्यांची खोली आहे, लिफ्ट असलेल्या इमारतीत. बाई म्हणते खरी, पण माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान मुलगी. पहिल्याच दिवशी मी तिला अडवलं. "तुम्ही माझे स्नायू नीट करणार आहात का?" ती म्हणाली, "नाही हो. ते माझ्या हातात नाही." "मग मी इथे कशाला आलेय?" तर म्हणते, "आजाराशी भांडण्यात तुमचा किती दिवस जातो, बघा ना. त्यातला थोडा सुटला तर तुम्ही काय कराल?" बाकीचे लोक अशा वेळी काहीतरी मोठं सांगत असतील. माझ्या तोंडून निघालं, "खीर." आणि मला रडूच कोसळलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली, झाकण आधीच सैल करून. हे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

पुढे बरेच महिने मी जात राहिले. कधी थकवा आला की मोबाईलवरच बोलायचो. एकदा मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. ते खरं की खोटं यावर ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, "हे वाक्य जरा गाऊन दाखवा." मी म्हटलं, "गाऊन?" "कुठल्याही चालीत. भाजीवाल्याच्या चालीत म्हणा." मग बाबा, मी, सत्तेचाळीस वर्षांची बाई, बाळकुमच्या त्या थंडगार खोलीत कांदे-बटाटेच्या चालीत ओरडले, "कुणाचा हाऽऽत मागायचा नाहीऽऽ! आपलं आऽऽपण!" दुसऱ्यांदा म्हणताना मला असं हसू फुटलं की बाहेर बसलेल्या नवऱ्याने दार ढकलून आत डोकं घातलं. ती म्हणाली, वाक्य काही जाणार नाही, ते येतच राहील, पण आलं म्हणजे त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. आता ते डोक्यात येतं तेव्हा हातगाडीसकट येतं. येऊ दे बिचारं, गल्ली सगळ्यांची आहे.

पण खरं कुलूप उघडलं ते पुढे, आणि तिने सहज विचारलेल्या प्रश्नाने. मी तिला तुमची खीर सांगत होते. तांदूळ तुपावर कसा परतायचात, साखर अगदी शेवटी कशी घालायचात, तुम्ही उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून सगळ्यांना कसे कामाला लावायचात. ती म्हणाली, "एवढा मोठा टोप बाबा भट्टीवरून उतरवायचे कसा?" मी ताडकन म्हणाले, "एकट्याने नाही हं! गरम टोप एकट्याने उचलायचा नाही, कॅन्टीनचा नियम होता त्यांचा. कुणी शूरपणा केला तर अशी शिवी हासडायचे की..." आणि मी थांबले. मला डोळ्यांपुढे तुम्ही दिसलात, खांद्यावर ओलं फडकं टाकून विहाराच्या मागून गल्लीभर हाका मारताना, "अरे या रे, धरा रे, चार हात लावा!" तुम्ही तर जन्मभर लोकांचे हात मागत होतात, बाबा. बिनधास्त, हक्काने, वर शिव्या देऊन. आणि तुमची कुणी कधी कीव केल्याचं मला आठवत नाही. फक्त माझ्या बाबतीत तुम्ही घाबरलात आणि वेगळाच नियम केलात. त्या दिवशी घरी येताना मी रिक्षातूनच धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "मी येतेय पौर्णिमेला. चार जण तयार ठेव. आणि माझ्याशिवाय दूध तापवायला घ्यायचं नाही."

वैशाखाचं ऊन, सगळीकडे पांढऱ्या साड्या, माझीही पांढरीच. पायऱ्यांपाशी खुर्ची थांबली तेव्हा मी ब्रेक दोनदा तपासले, हे कबूल करते. आसपासचे सगळे बघत होते. डोक्यातून भाजीवाला जाऊन आला. धाकट्याने, एका भाच्याने आणि वसाहतीतल्या दोघा पोरांनी खुर्चीला हात घातले, आणि बाबा, आपल्या धाकट्याच्या तोंडून तुमचा आवाज निघाला, हुबेहूब. "सगळे एकदम! हळू रे, टोप भरलेलाय, सांडेल!" मी हसले, पोरं हसली, खुर्ची डुगडुगली, आणि हसता हसता मी वर.

मग मी भट्टीपाशी बसले आणि तुमच्यासारखीच सगळ्यांना कामाला लावलं. ढवळायची ताकद माझ्या खांद्यात नाही, पण नाक शाबूत आहे. बुडाचा पहिला वास आला तसं मी ओरडले, "थांबव हात! खरवडलंस तर याद राख! चार जण या, ओता दुसऱ्या टोपात." धाकट्याचे हात थांबले. खीर पांढरीशुभ्र उतरली. पहिली वाटी मूर्तीपुढे ठेवली. जिन्यात मला हात देणाऱ्या त्या काकू आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्या काठी टेकत आल्या, एक घास घेतला आणि म्हणाल्या, "आज तुझ्या बापाची खीर खाल्ली गं." मग मी त्यांच्यापुढे हात केला. म्हटलं, काकू, जरा धरा. त्यांनी धरला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

हे पत्र मी कुठे पाठवणार? समुपदेशक बाईला दाखवणार होते, पण तिलाही दाखवत नाही, कारण एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगायची आहे. लहानपणी मिरवणुकीत तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात तेव्हा जसं दिसायचं, तसंच त्या पायऱ्यांवरून दिसलं. सगळ्यांची डोकी, निळ्या पताका, गच्च्यांवर वाळणारे कपडे, मागे येऊरचा डोंगर. म्हणून वर पोचल्यावर लगेच मी म्हणाले, अगं बाई, माझा चष्मा खाली थांबलेल्या रिक्षात राहिला, मलाच जाऊन बघावं लागेल. पोरांनी बिचाऱ्यांनी मला पुन्हा खाली नेलं, पुन्हा वर आणलं. चष्मा माझ्या मांडीवरच होता, बाबा, पदराखाली.