पहिला अर्ज आमचाच

श्रीयुत मेव्हणेबुवा यांस,

दाजींचा नमस्कार (आशीर्वादच द्यायचा होता, पण तुम्ही ऐटीत नको म्हणता). कंबर कशी आहे? गेल्या महिन्यात विटा उचलताना लचक भरली होती, ती आता पुरती उतरली असेल अशी आशा करतो. ही चौकशी मनापासून आहे, वरवरची नाही. वाकता येतं ना? हातोडा पेलतो ना? असो. इकडे आम्ही दोघं मजेत. मजेत काय, विजयी आहोत! हे पत्र उभ्यानं लिहितोय, कारण आनंदानं बसवत नाही.

आमच्या बाइंडिंगच्या दुकानातलं कागद कापायचं मशीन तडकलं, हे तुमच्या ताईनं कळवलंच असेल. पातं गेलं असतं तर बदललं असतं, पण अंगच दुभंगलं. आता पुस्तक शिवून चिकटवून झालं की तीन कडा सफाईनं कापाव्या लागतात, नाहीतर ते उंदरानं चाखल्यासारखं दिसतं. दोन महिने मी सुरीनं कापत होतो आणि गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या दुकानात जात होती. समोर म्हणजे चिकट्या. माझा तीस वर्षांचा वैरी. (खळ इतकी थापतो की त्याचं पुस्तक उघडायला दोघं लागतात, म्हणून हे नाव. मीच ठेवलंय.) आणखी दोन महिने असेच गेले असते तर मला दुकानाला कायमचं कुलूप लावावं लागलं असतं. थट्टा नाही करत, मी खरंच घाबरलो होतो.

अशात कळलं की मोठं वाचनालय आपला बाइंडिंग विभाग बंद करतंय आणि तिथलं कटिंग मशीन बाइंडरला फुकट देणार आहे. सूचना वाचनालयाच्या वेबसाइटवर लागेल, ज्याचा अर्ज पहिला त्याला मशीन. सूचना कधी लागेल? कधीही! झालं, मी दिवसातून तीस वेळा ती वेबसाइट उघडू लागलो. हात खळीचे, त्यामुळे कीबोर्डाचं एक बटण दाबलं की शेजारची दोन सोबत यायची. शेवटी माझ्या पुतणीला दया आली. (ती संगणकाचंच काम करते. बोलते कमी, उसासे जास्त टाकते.) तिनं सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण तुम्हीही अजून दर तासाला सिमेंटचे भाव बघत बसता.

बऱ्याच वेबसाइटी आपल्यापाशी एक यादी ठेवतात: नवं काय टाकलं, कधी टाकलं, थोडक्यात त्यात काय आहे आणि पूर्ण वाचायला कुठे जायचं. या यादीला म्हणायचं फीड. आपण फीड रीडर नावाच्या प्रोग्रॅमला त्या यादीचा पत्ता द्यायचा की तो थोड्या थोड्या वेळानं स्वतःच चक्कर मारून येतो, आणि यादीत नवं काही दिसलं की उचलून आपल्यापुढे ठेवतो. मला वाटलं होतं वेबसाइटच धावत आपल्याकडे येते. पुतणीनं उसासा टाकून सांगितलं, ती जागची हलत नाही काका, हेलपाटे आपला रीडर घालतो. आपण खुर्चीत. आणि मधे बसून कुणी तुमच्यासाठी निवडानिवड करत नाही, जे आलं ते आलं तसं मिळतं. मेव्हणेबुवा, मी तर खूशच झालो!

इथे माझी हाव नडली. एकट्या वाचनालयाच्या फीडवर थांबायचं, तर मी हवामान, कुलपांवर लिहिणारे एक गृहस्थ, मांजरांचे फोटो काढणाऱ्या एक बाई अशी एकेचाळीस फीडं जोडली. न वाचलेल्या नोंदी, एक हजार आठशे साठ! आता मी बाइंडर माणूस. आमच्यात पहिल्या फर्म्यापासून, म्हणजे पानांच्या पहिल्या घडीपासून सुरुवात, एक पान इकडचं तिकडे नाही, एक गाळायचं नाही. मी सगळ्यात जुनी नोंद काढली आणि क्रमानं वाचायला बसलो. तीन दिवस वाचत होतो. आठ महिन्यांपूर्वीचा हवामानाचा अंदाज वाचून रणरणत्या उन्हात छत्री घेऊन दुकानात गेलो, पण क्रम मोडला नाही.

दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी अकराला मी कुलपांच्या तेविसाव्या लेखात होतो. तुमची ताई डबा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "अहो, ते सगळ्यात वर ठळक अक्षरात काय आलंय?" मी म्हटलं, "येईल त्याची पाळी." ती म्हणाली, "पाळी येईपर्यंत दुकान राहील का? वाचनालयाचं आहे ते!" मेव्हणेबुवा, मी नोंदीवरची वेळ बघितली. सूचना लागून वीस मिनिटं झाली होती! मी आयुष्यात पहिल्यांदा एक हजार तीनशे नोंदी ओलांडल्या (जिवावर आलं), हात खळीत म्हणून टाइप तिनं केलं, आणि अर्ज गेला. दहा मिनिटांत उत्तर: पहिला अर्ज आमचाच!

मी ओरडतच रस्ता ओलांडला. चिकट्या सकाळी आठपासून वेबसाइटचं तेच पान उघडून त्यावर टक लावून बसला होता. पान आपोआप बदलेल अशी त्याची समजूत! त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बत्तीस दात दाखवून परत आलो.

तुमचे विजयी,
दाजी

ता. क. मशीन येऊन आठवडा झाला. देखणं आहे! फक्त आमचं दार चार बोटं अरुंद पडतं, आत जात नाही. चिकट्याचं दार रुंद आहे. म्हणून तूर्त, अगदी तूर्त, ते त्याच्या दुकानात उभं आहे, आणि मी कडा कापायला तिकडे जातो. तो चहा पाजतो. हे असह्य आहे. तुम्ही गवंडी, तेव्हा येत्या आठवड्यात छिन्नी-हातोडा घेऊन या आणि दाराची चौकट रुंद करून द्या.

ता. क. २. ताईला यातलं काही बोलू नका. पत्र मी तिच्याकडेच टपालात टाकायला देतोय, पण पाकीट चिकटवलंय.

ता. क. ३. भाऊराया, पाकीट यांनीच चिकटवलं होतं, त्यामुळे फुंकर घातली आणि उघडलं. अर्जात मी माझंच नाव टाकलंय, मशीन माझं आहे. हे आणि समोरचे दिवसभर भांडतात आणि दुप्पट काम उरकतात, गिऱ्हाइकं परत आली आहेत. जेवायला जरूर ये, पण भिंतीला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी ताई