घासलेली टाच

९ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुझे भावजी नेहमीसारखेच, म्हणजे तब्येत ठणठणीत आणि कान सोयीपुरते. आठ महिन्यांत तुझा फोन नाही, म्हणजे तुम्हीही बरेच असाल असं धरून चालते.

बातमी अशी की मी पळायला लागले आहे. हसू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला." मी म्हटलं, चालायचंच तर पळूनच मोकळं व्हावं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवे बूट कशाला, म्हणून लेकीने लग्नानंतर इथे टाकलेले पायात चढवले. माप अगदी बरोबर.

तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी गुडघा कुरकुरायला लागला. सातव्या दिवशी बागेच्या वळणावर पायात पाय अडकला आणि मी थेट गुलाबांच्या वाफ्यात! योगासनांचा अख्खा वर्ग शवासन सोडून बघायला आला. तुझ्या भावजींनी बाकावरून उठून हात दिला आणि म्हणाले, "अगं, तू हुबेहूब धाकटीसारखी पळत होतीस!"

काट्यांपेक्षा तेच जास्त टोचलं.

बुटाचा तळ उसवला होता, म्हणून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने बूट उलटे केले, ज्योतिष्याने हात बघावा तसे निरखले आणि म्हणाला, "बाई, हे तुमचे नाहीत."

चोरी पकडल्यासारखी मी गडबडले. "लेकीचे आहेत."

"बघा, टाच आतून घासलीय. त्यांचं पाऊल सपाट, पळताना आत कलतं. तुमच्या चपला बघा, बाहेरून झिजल्यात. तुमच्या तळव्याला कमान आहे, पाय बाहेर कलतो. तुमचा पाय एकीकडे ओढणार, त्यांचा बूट दुसरीकडे. मग गुडघ्याने ऐकायचं कुणाचं?"

घरी आले आणि जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

तुझंही पाऊल सपाट. लहानपणी ओल्या पायांनी आलीस की फरशीवर अख्खा तळवा उमटायचा आणि आई ओरडायची. शाळेच्या शर्यतीत तू आठ जणींत सातवी आलीस. तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात मी तुझ्या पळण्याची नक्कल करत आले. "आमचं बदक!" आठ महिन्यांपूर्वी लेकीच्या लग्नात तर व्याह्यांसमोर हातात ताट घेऊन केली. तू हसलीस आणि न जेवता निघून गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिचं डोकं दुखतंय.

शर्यतीच्या दिवशी तुझ्या पायात माझे जुने बूट होते. बाहेरून घासलेले.

इथे पेन खाली ठेवून पाणी पिऊन आले.

बाबांनी नवे आणले होते ते तुझ्यासाठी. पांढरे, निळ्या पट्टीचे. दीड वर्षाचं अंतर, त्यामुळे माझ्याही मापाचे. मीच त्यांना म्हटलं, "तिला जुनेच आवडतात." तू दारात उभी होतीस. काही बोलली नाहीस, म्हणून मी समजले की तू ऐकलं नाहीस. इतकी वर्षं तसंच समजत राहिले. सोयीचं होतं.

काल विहीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, आम्हाला ती नक्कल तुमच्या यजमानांची वाटली होती." मग लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशीला सांगितलंस?"

म्हणून हे पत्र. माफी कशी मागतात ते मला कधी शिकावं लागलं नाही, कारण माझी चूक असली तरी तूच आधी बोलायचीस. या खेपेला बोलली नाहीस, ते बरं केलंस.

त्या दिवशी मोठ्या मुलींच्या शर्यतीत तुझ्या बुटांत पहिली आलेली,

तुझी ताई